एकोणऐंशी मर्ज होईना

आमच्या धंद्यात चांगलं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाला सर्वांत मोठं बक्षीस देतात, ते म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बंद करतात. आधी टीम लीड, मग प्रोजेक्ट मॅनेजर, मग डिलिव्हरी मॅनेजर. प्रत्येक पायरीवर खुर्ची रुंद होत जाते आणि कीबोर्डवर लागणारी बोटं कमी होत जातात. शेवटी शेवटी तर माझं सगळं कामकाज कॉपी आणि पेस्ट या दोन क्रियांवर चालायचं. एक्सेलच्या चौकोनांत हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा आणि लाल चौकोन हिरवा कधी होणार, असं फोन करून दुसऱ्याला विचारायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर दुसरी-तिसरीचे वर्ग सांभाळलेली माझी आई अधूनमधून विचारायची, "अगं, पण तू नक्की करतेस काय?" याचं खरं उत्तर 'फॉलोअप' असं होतं. ते तिला सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

मूळची मी प्रोग्रॅमर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मांडीवर आणि टर्बो सीचा निळा पडदा समोर, अशा थाटात आमची पिढी घडली. पहिली नोकरी लागली ती वायटूकेच्या हंगामात. जगभरच्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी जागा वाचवायला कोबोलमध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवले होते. २००० साल उजाडलं की '००' म्हणजे १९०० समजून सगळे हिशेब शंभर वर्षं मागे जातील, अशी भीती होती. अंधेरीच्या सीप्झमध्ये बसून आम्ही दोन आकड्यांचे चार करत होतो. १ जानेवारी उजाडला आणि काहीही झालं नाही. यश म्हणतात ते हेच, पण दिसायला ते अगदी 'काहीही झालं नाही' असंच दिसतं. त्यानंतर आम्हाला बढत्या मिळाल्या आणि कोड सुटला तो सुटलाच.

नोकरी सोडली तेव्हा घरच्यांनी धास्ती घेतली. ती खोटी नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी फ्रीजवर कामांचा तक्ता लावला आणि नवऱ्याला गॅस सिलिंडरचं स्टेटस विचारलं. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या चिन्मयने, बहुधा आत्मसंरक्षणार्थ, सुचवलं, "आई, तू ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूट कर ना. तिथे कोणीही काम करू शकतं."

"पगार?"

"नाही."

"मॅनेजर?"

"नाही."

"मग काम होतं कसं?"

या प्रश्नावर भल्याभल्या विद्वानांनी पुस्तकं लिहिली आहेत. चिन्मयने खांदे उडवले.

त्याच्या कॉलेजात ओपन सोर्सचं वेड रेझ्युमेपायी होतं. दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उत्सव भरतो. ठरलेल्या संख्येएवढ्या पुल रिक्वेस्टी, म्हणजे 'हा माझा बदल घ्या' असे अर्ज, पाठवले की टी-शर्ट फुकट मिळायचा. २०२० साली या टी-शर्टापायी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांच्या रीडमी फायलींत कौतुकाचे दोन-दोन शब्द घुसडून अर्जांचा असा पाऊस पाडला, की महिना संपायच्या आत आयोजकांना नियम बदलून 'ज्या प्रकल्पाची तयारी असेल तिथेच' असं म्हणावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला तर एक्स्प्रेस या नामांकित प्रकल्पाच्या दारात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची रांग लागली. यूट्यूबवरच्या एका धड्यात उदाहरणादाखल त्या प्रकल्पाच्या रीडमीत नाव लिहून दाखवलं होतं. पोरांनी सरांचं ऐकून आपापली नावं लिहिली आणि पाठवून दिली. किल्ल्याच्या बुरुजावर बदाम कोरण्यातलाच प्रकार. फक्त इथे बुरुजाचा मालक जागा असतो, आणि येणारा प्रत्येक बदाम त्याला स्वतःच्या हाताने परत करावा लागतो, तेही नोकरी करून, रात्री.

पोरांना हसायचा मला अधिकार नव्हता, कारण मला मुळात गिट येत नव्हतं. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये गिट लिहिलं, आणि तोवर मी एक्सेल रंगवायला लागले होते. आमच्या काळी फाइल ज्याने उघडली त्याच्या नावावर तिला कुलूप लागायचं. आमच्यातला एकजण पगाराच्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल उघडी ठेवून गणपतीला देवगडला गेला, आणि गौरी जाईपर्यंत साऱ्या कचेरीचा पगार त्याच्या नावावर राहिला. गिटमध्ये सगळ्यांकडे सगळ्याची प्रत असते, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासासकट. कोणी कोकणात जावो नाहीतर काशीला, काम अडत नाही. भांडणं होतात ती सगळे परत आल्यावर. त्याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

नवख्यांसाठी प्रकल्पांनी काही सोपी कामं 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावून बाजूला काढलेली असतात. त्यांत भटकताना मला एक छोटीशी लायब्ररी सापडली. काम एकच, आकडा दिला की तो अक्षरी लिहून देणं. पावत्यांवर, बिलांवर, धनादेशावर 'अक्षरी रुपये' असतं ना, तेच. जगातल्या बऱ्याच भाषा त्यात होत्या. मराठी नव्हती. 'मराठी हवी' असा कोणीतरी केलेला अर्ज कित्येक दिवस तसाच पडून होता. त्याखाली अंगठे पुष्कळ उमटले होते, कोडची ओळ एकही नव्हती. हे चित्र मात्र मला नोकरीमुळे चांगलंच परिचयाचं होतं.

भाषा पायथॉन. तिच्यात ओळी समासापासून किती सरकवल्या यावर अर्थ ठरतो, याचा नव्या पोरांना म्हणे त्रास होतो. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. कोबोलमध्ये सातव्या रकान्यात तारा टाकला की ती ओळ शेरा समजायची, आठव्यापासून मथळे, बाराव्यापासून आज्ञा, आणि बहात्तराच्या पुढे काय लिहिलंय ते कॉम्प्युटर बघतसुद्धा नसे. पायथॉनचा शिष्टाचार सांगतो की ओळ ७९ अक्षरांपलीकडे जाऊ नये. ही ऐंशीच्या आसपासची मर्यादा आयबीएमने १९२८ मध्ये काढलेल्या ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डापासून चालत आली आहे. कार्डं गेली, ती भोकं पाडणारी यंत्रं गेली, सोवळं राहिलं.

आधी इतर भाषांच्या फायली वाचल्या. इंग्रजीचं काम सुटसुटीत, विसापर्यंतचे शब्द, मग दशकं, आणि एक नियम. जर्मन माणूस बावीसला 'दोन आणि वीस' म्हणतो, तोही नियमाने. फ्रेंच नव्याण्णवला 'चार वीस दहा नऊ' म्हणतात, पण निदान बेरीज जुळते. डॅनिश भाषेतला पन्नास मुळात 'अडीच विसा' आहे, आणि त्यांचा अडीच 'अर्धा तिसरा' या अर्थाने बनतो. आपला अडीचसुद्धा 'अर्धतृतीय'वरूनच आलेला. कोपनहेगन आणि कोल्हापूर यांच्यात हे नातं असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढा खजिना पाहून मी उत्साहाने मराठीचा नियम लिहायला बसले, आणि नियमच नाही!

एकवीस, बावीस, तेवीस ठीक आहे. पण बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या सात जणांत दोन कुठे आणि किती शिल्लक आहे ते बघा. एकोण लावून एक कमी करायचा, तर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे शिस्तीत येतात, आणि नव्याण्णव ऐटीत वेगळा बसतो. हिंदीने ८९ पासूनच शिस्त सोडली, नवासी. चिन्मय म्हणाला, "एआयला सांग, सेकंदात देईल." त्याने दिलं. त्यात ८९ ला 'नवाऐंशी' होतं. तर्क बिनतोड होता, शब्द मात्र महाराष्ट्रात कोणी उच्चारलेला नव्हता.

मग आईला फोन केला. तिने आधी मला एक ते शंभर म्हणायला लावले आणि मी ५९ शी अडखळले, तेव्हा "कॉम्प्युटरवाली!" एवढंच म्हणाली. मी चाचरत विचारलं, "आई, तो 'वीस दोन'वाला प्रकार केला असता तर? वीस ओळींत काम झालं असतं." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसऐवजी 'वीस दोन' ही पद्धत आली होती. जोडाक्षरांनी मुलं बिचकतात, असं गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, आणि उभा महाराष्ट्र त्यांचं न ऐकता त्यांना उत्तर देत होता. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आता काय करायचं, इथवर विनोद झाले. आईने तेव्हा वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं नव्हतं, त्यामुळे तिचा राग अजून ताजा होता.

"तुझ्या कॉम्प्युटरला पाठ होत नसेल तर त्याला दुसरीत बसव," ती म्हणाली. "मी लिहून पाठवते."

खरं सांगू का, प्रोग्रॅमर म्हणून मी नारळीकरबाईंच्या बाजूची आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये 'दोन आणि वीस'चं अधिकृतपणे 'वीस दोन' केलं, कारण टेलिफोनवर आकडे सांगताना घोटाळे होत. जर्मनीत तर 'वीस एक' याच नावाची एक संस्था आहे, जी इतकी वर्षं जर्मनांना हेच पटवते आहे. पण हे आईला सांगणार कोण?

व्हॉट्सॲपवर दहा-दहाचे गठ्ठे येऊ लागले. प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी सुप्रभात आणि एक गुलाब. ते सगळं मी एका यादीत उतरवलं, गुलाब वगळून. पुढे शेकड्यांचं काम नियमात बसलं, तरी शंभर नुसता आला की 'शंभर' आणि पुढे काही आलं की 'एकशे', हा अपवाद होताच. हजार, लाख, कोटी, आणि स्वल्पविराम तीनांनंतर दोन-दोनावर. प्रकल्प सांभाळणारा मुलगा जर्मनीतला. गिटहबवर त्याच्या फोटोच्या जागी मांजर. त्याने विचारलं, कोटीच्या पुढे काय? आई अब्ज, खर्व, निखर्व करत परार्धापर्यंत जायला तयार होती. मी कोटीवर थांबले. आपलं सरकारसुद्धा तिथेच थांबतं, पुढे 'लाख कोटी' म्हणतं.

आणि पुल रिक्वेस्ट पाठवली. पाठवल्याबरोबर तिकडचं यंत्र आपोआप सगळ्या चाचण्या लावतं आणि हिरवी खूण नाहीतर लाल फुली देतं. लाल आली. आयुष्यभर लालाचं हिरवं केलेली बाई मी, पण इथे फोन कोणाला करणार? चुकांची नोंद उघडली. तिच्यात लिहिलं होतं:

अपेक्षित: चौऱ्याऐंशी. मिळालं: चौऱ्याऐंशी.

मी चष्मा पुसला. ७४ लाही तेच, ९४ लाही तेच. बाकी सगळे आकडे हिरवे. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव, आणि प्रत्येक वेळी यंत्र म्हणतंय, मला चौऱ्याऐंशी हवं होतं आणि तुम्ही मला चौऱ्याऐंशी दिलंत. सासरच्या माणसांकडून असे शेरे ऐकलेत, यंत्राकडून पहिल्यांदाच.

मांजराने सुचवलं, दोन्ही शब्दांची लांबी मोजून बघ. आईने चौऱ्याऐंशी शब्दात चारच अक्षरं सांगितली असती. कॉम्प्युटरने एका चौऱ्याऐंशीत दहा मोजली आणि दुसऱ्यात अकरा. भानगड 'ऱ्या'मध्ये होती. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांच्यात फरक करायला जो अर्धा र आपण लिहितो, तो यूनिकोडमध्ये दोन मार्गांनी काढता येतो. एक, मुळातच वेगळा दिलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साध्या र चा पाय मोडून त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचं, ज्याला रुंदी नाही, रूप नाही, फक्त अस्तित्व आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच. आईच्या फोनचा कीबोर्ड एका मार्गाचा, माझ्या लॅपटॉपचा दुसऱ्या. यादी तिच्याकडून आली होती आणि चाचण्या मी टंकल्या होत्या. अशा वेळी मजकुराचं नॉर्मलायझेशन करायचा रिवाज आहे. तेही करून पाहिलं, पण या दोघांना ते एक मानत नाही.

इथवर मामला तांत्रिक होता. पण तेवढ्यात चर्चेत दुसरा एक सांभाळकर्ता आला आणि त्याने थंडपणे विचारलं, की जिचा इथे काहीही पूर्वेतिहास नाही अशा व्यक्तीच्या कोडमध्ये अदृश्य अक्षरं का आहेत?

त्याचा काही दोष नाही. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की न दिसणारी यूनिकोड चिन्हं पेरून माणसाला एक आणि यंत्राला दुसराच कोड वाचायला लावता येतो. आणि २०२४ च्या मार्चमध्ये तर एक्सझेडचं प्रकरण झालं. फायली दाबून लहान करणारी ही सामान्य लायब्ररी, जिच्यावर कोणाचं लक्ष जाणार नाही अशी. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ तिथे मन लावून काम केलं, विश्वास कमावला, हक्क मिळवले आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरांत तो पोचायच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की आपलं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय. अर्धा सेकंद! आमच्याकडे सहा महिने उशीर झालेले प्रकल्प 'ऑन ट्रॅक' म्हणून दाखवले जात, आणि या गृहस्थाने अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला.

त्यामुळे आईच्या चौऱ्याऐंशीवर हेरगिरीचा संशय येणं हे काळाला धरूनच होतं. मी तिला सांगितलं. तिला इतका आनंद मी बऱ्याच वर्षांत दिला नव्हता. शेजारच्या देशपांडे काकूंना तिने ताबडतोब बोलावून घेतलं. "आमच्या व्हॉट्सॲपची जर्मनीत चौकशी चालू आहे," हे मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं.

मी सविस्तर खुलासा लिहिला. आचार्य आणि आचारी दोघांनाही साक्षीला उभं केलं. अदृश्य चिन्ह काढून टाकलं, सगळीकडे एकच ऱ केला, आणि पुढे कोणी दुसऱ्या मार्गाने आलं तर त्याला ओळखणारी एक चाचणी जोडली. खूण हिरवी झाली. मांजराने लिहिलं, छान दिसतंय, फक्त अमुक ओळ ८१ अक्षरांची आहे. ती मोडून दोन केल्या. माझ्या मुलापेक्षा तो फार तर चार वर्षांनी मोठा असेल. त्याने माझा हुद्दा विचारला नाही, अनुभव किती हे विचारलं नाही. ओळ लांब होती, ती लांब आहे म्हणाला. माझ्या शेवटच्या नोकरीत ओळ लांब आहे हे मला सांगायला लोकांनी आधी कॅलेंडरवर वेळ मागितला असता, मग माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं असतं, आणि ओळ तशीच राहिली असती.

मर्ज झालं. जांभळं चिन्ह आलं. चिन्मयने स्क्रीनशॉट काढला आणि मला आवडला नसल्यासारखं दाखवून मी तो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

नव्या आवृत्तीला आठवडाही झाला नव्हता, तोच टोरोंटोहून एका मराठी गृहस्थांनी तक्रार नोंदवली. ७९ हे एकोणऐंशी नसून एकुणऐंशी आहे, आमच्या आजी तसंच म्हणत. खाली तिसऱ्याने लिहिलं, मग ऐंशी तरी बरोबर आहे का, बोलताना सगळे ऐशी म्हणतात. चौथ्याने दोन्ही ठेवा म्हटलं. पाचव्याने त्रेसष्टला ट की ठ, हा नवाच दिवा लावला. आईने चिन्मयकडून गिटहबवर खातं काढून घेतलं आणि पहिली टिप्पणी केली, "आपल्या आजी कोणत्या शाळेत होत्या?" त्या चर्चेची लांबी आता मूळ कोडच्या पुढे गेली आहे. जर्मनीतल्या मुलाने एकदाच मध्ये पडून विचारलं, की या प्रश्नावर निर्णय देणारी काही संस्था तुमच्याकडे आहे का. पाच मराठी माणसांनी त्याला पाच वेगवेगळी उत्तरं दिली. तेव्हापासून तो त्या धाग्यावर फिरकत नाही.

सध्या आईची दुसरी मागणी चालू आहे. १५० ला लायब्ररी 'एकशे पन्नास' म्हणते, ते तिला सहन होत नाही. दीडशे, अडीचशे, सव्वाशे, पावणेदोनशे म्हणता आलं पाहिजे, ११०० ला अकराशे म्हणता आलं पाहिजे, "बाजारात एकशे पन्नास म्हणणाऱ्याला भाजीवाला महाग लावतो." मी ते पर्याय म्हणून लिहायला घेतलं आहे. अपूर्णांकांचे पाढे असतात हे मांजराला इतकं आवडलं, की पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही यादी त्याने मागून घेतली. काल रात्री त्याने विचारलं, औट म्हणजे साडेतीन, तर ३५० ला 'औटशे' म्हणायचं का?

आई स्पीकरवर होती. "अरे, वेडा आहे का तो! साडेतीनशे. औट पाढ्यात फक्त. आणि त्याला म्हणावं, इतक्या रात्री जागू नकोस, सकाळी कामाला जायचं असेल. आई ओरडत नाही का घरी?"

पहिली दोन वाक्यं मी सभ्य इंग्रजीत करून पाठवली. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, की आईला सांगा, आता झोपतोच. म्हणजे उरलेली चिन्मयने पाठवली होती.